आवाजाची दोन बटणं

राजाजीनगर, १५ जून

रंजी,

तुझ्या स्टुलावर आता दुसरी मुलगी बसते, हे कळवावं म्हणून लिहितेय.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस की मी तुला, ते आता आठवत नाही, म्हणून ईमेल. तू तो उघडतेस की न वाचताच पुसून टाकतेस, ते मला कळणार नाही. आईचं दहावं झालं, तू लीड्सला परत गेलीस, त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर आपण एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही, तेव्हा 'कशी आहेस' वगैरे विचारून उगाच सुरुवात करत नाही. दर रविवारी तू अप्पांशी फोनवर बोलतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत असते, हे तुला ऐकू येतच असेल.

तर ती मुलगी. सिद्धी तिचं नाव. पुण्याची आहे. आपल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, कुठल्याशा आयटी कंपनीत आहे आणि आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम करते. अप्पांनी मागच्या महिन्यात हेडफोन ॲम्प्लिफायरचं किट मागवलं. एक हिरवी पट्टी, पुड्यांमध्ये बारीक बारीक रेझिस्टर आणि कपॅसिटर, दोन चिप्स, एक ॲल्युमिनियमचा डबा. सगळं आपण जोडायचं. झालं की एका बाजूला मोबाइल लावायचा, दुसऱ्या बाजूला हेडफोन, आणि गाणं म्हणे नुसत्या मोबाइलपेक्षा कितीतरी भरून ऐकू येतं. अप्पांनी आयुष्यात कधी हेडफोन लावले नाहीत. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, हात चालू राहतात.

पण हात चालत नाहीत ना. कापतात. पहिल्याच दिवशी अर्ध्या पुड्या जमिनीवर. मी गुडघ्यांवर बसून एकेक रेझिस्टर वेचत होते, तेवढ्यात ही सिद्धी आमचा कुकर परत द्यायला खाली आली. टेबल बघून तिचे डोळे चमकले. कॉलेजात असले उद्योग केलेत म्हणाली. अप्पांनी पायानंच स्टूल पुढे सरकवलं.

ते स्टूल तुझं. अप्पा टेलिफोनच्या कारखान्यात होते तेव्हा रविवारी गल्लीतले सगळे रेडिओ आपल्याकडे यायचे. खिडकीजवळचं ते टेबल, कथलाचा धूर, तू आणि अप्पा. मी आईबरोबर आत घेवडा सोलत असायचे. मला कुणी कधी हाकललं नाही. स्टूल एकच होतं, एवढंच.

आता त्यावर सिद्धी बसते, सोल्डरिंग करते आणि अप्पा भिंग घेऊन तिच्या खांद्यावरून बघतात. मी दोघांना उप्पीट नेऊन देते. काल त्यांनी तिला 'मगळे' म्हणून हाक मारली. आपल्याकडे मराठी बोलताना लेकीसाठी तेवढा एकच कन्नड शब्द ते वापरायचे, आणि तुझ्याशिवाय कुणाला त्यांनी तो दिलेला मी ऐकला नव्हता.

हे वाचून तुला कसं वाटलं ते कळवायची गरज नाही. मला कल्पना आहे.

शालन


राजाजीनगर, ६ जुलै

रंजी,

सिद्धी हल्ली खाली येत नाही. ऑफिसचं काम वाढलं असावं.

अप्पा दोन-तीन दिवस जिन्याकडे कान लावून बसले. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरून टाकलं आणि किट झाकून ठेवलं. मी म्हटलं, मी करते की. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फक्त "तू?" म्हणाले. हिणवून नाही म्हणाले. खरंच त्यांना कधी सुचलं नव्हतं.

मी सकाळभर लॅबमध्ये बसून माणसांचं रक्त काढते, रंजी. ज्यांच्या शिरा सापडत नाहीत अशी म्हातारी माणसं, रडणारी पोरं, सगळी माझ्याच खुर्चीवर पाठवतात. माझा हात हलत नाही. हे आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. घरात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

पहिला टाका वाटाण्याएवढा झाला. अप्पा म्हणाले, कथील तापवायचं नाही, तार आणि पट्टी तापवायची. मग कथील आपोआप धावत जातं. दुसऱ्याला बोट भाजलं. संध्याकाळपर्यंत टाके बारीक, गोल आणि चकचकीत पडायला लागले. अप्पांनी पट्टी खिडकीत नेली, भिंग लावलं, एकेक टाका बघितला आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. रंजीचा हात घाईचा होता."

हे वाक्य मी तुला मुद्दाम, जसंच्या तसं पाठवतेय. मला त्या वेळी इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. तेव्हापासून लॅबमधून परत येताना मेट्रोत मी रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या पाठ करत असते. तपकिरी, काळा, लाल. या वयात. मगळे मात्र ते मला म्हणाले नाहीत. मी वाट बघत नव्हते.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. किटच्या पुस्तिकेत लिहिलंय त्यापेक्षा डाव्या बाजूचा आवाज बराच जास्त ठेवायचा, असं अप्पांनी धरलंय. त्यासाठी त्या बाजूचे दोन रेझिस्टर बदलायचे. का, विचारलं तर म्हणाले, माझा डावा कान अधू झालाय. मला कधी बोलले नाहीत. मी त्यांच्याबरोबर चोवीस तास राहते आणि मला कळलं नाही, याचं मला वाईट वाटलं. गुरुवारी मल्लेश्वरमला कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय. ते नको नको म्हणताहेत, पण मी ऐकणार नाही.

शालन


राजाजीनगर, १३ जुलै

रंजी,

अप्पांचे दोन्ही कान सारखे आहेत. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून तपासलं. वयाच्या मानानं दोन्ही उत्तम, असं म्हणाले. अप्पा खुर्चीत लहान मुलासारखे जमिनीकडे बघत होते.

घरी आल्यावर ताट वाढलं, समोर बसले आणि विचारलं, डावा कान कुणाचा?

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. मग म्हणाले, "रंजीचा. जानेवारीत एका सकाळी उठली तर डाव्या कानानं ऐकू येईना. थोडं परत आलं, बाकीचं येणार नाही म्हणाले तिथले डॉक्टर."

तू त्यांना सांगितलंस की गाणं आता सगळं एका बाजूला पडतं, जणू गाणारा माणूस उजव्या खांद्याशी उभा आहे आणि डावीकडे भिंत आहे. म्हणून तू गाणी ऐकायचीच सोडून दिलीस. आणि अप्पांनी तुला कबूल केलं, मी तुला असं यंत्र करून देतो की गाणं परत मधोमध येईल.

म्हणजे इतके दिवस मी ते तुझ्यासाठी करत होते. तुझा घाईचा हात, माझा चांगला हात, आणि यंत्र तुझं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ते ताटाकडे बघत म्हणाले, "तिनंच बजावलं होतं. म्हणाली, अक्काला माझी कीव आलेली मला चालणार नाही."

तर ऐक. कीव आली नाही. हेवा वाटला. तू कान गमावलास आणि त्यातही तुम्हा दोघांचं काहीतरी झालं, ज्यात मी नव्हते. जानेवारीपासून जुलैपर्यंत हा माणूस रोज माझ्यासमोर जेवला, मी त्याच्या गोळ्या काढून दिल्या, पाठीला तेल लावलं आणि त्याच्या पोटात तुझी एवढी मोठी गोष्ट होती. माझा पाय मोडला असता तर त्यांनी तुला पहिल्याच रविवारी सांगितलं असतं, हवापाण्यासारखं. तुझ्या बहिऱ्या कानाचा मला हेवा वाटला, रंजी. असं कुणाला वाटतं का? मला वाटलं. मी ताट उचललं आणि त्यांना ताकही विचारलं नाही.

पट्टी टेबलावर तशीच आहे. दोन-चार टाके राहिलेत. मी आता तिला हात लावणार नाही. तुझ्या अप्पांनी तुला शब्द दिलाय, त्यांनीच पुरा करावा.

शालन


राजाजीनगर, १० ऑगस्ट

रंजी,

मागचं पत्र तू वाचलं असशील तर रागावली असशील. उत्तर नाही, म्हणजे एक तर राग, नाहीतर वाचलंच नाहीस. अप्पांना मी या पत्रांचं काही सांगितलेलं नाही.

त्यानंतर दोन आठवडे घरात कुणी त्या टेबलाजवळ गेलं नाही. मग एका दुपारी मी लॅबमधून लवकर आले, तर अप्पा एकटेच बसले होते. उजव्या हातात सोल्डरिंगची कांडी आणि तो हात हलू नये म्हणून डाव्या हातानं मनगट घट्ट धरलेलं. तरी टोक थरथरत होतं. एका ठिकाणी जास्त तापून पट्टीवरचं तांबं उचललं गेलं होतं. तू म्हणशील, मला पाझर फुटला. नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की हे माझे टाके बिघडवताहेत. माझ्या चांगल्या कामाची वाट लावताहेत. मी खांद्यावरची पर्सही न काढता कांडी त्यांच्या हातातून घेतली आणि स्टुलावर बसले.

उचललेल्या तांब्याच्या जागी बारीक तार टाकून ते सांधलं. मग अप्पा डाव्या बाजूचे नवे रेझिस्टर पुडीतून काढून द्यायला लागले, आणि मी थांबले. म्हटलं, तिचा कान किती अधू आहे ते तुम्हाला इथून काय माहीत? आज एक असेल, पुढच्या वर्षी आणखी एक. इथे बसून आवाज ठरवून पाठवणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं. त्या किटात दोन्ही कानांना मिळून एकच आवाजाचं बटण आहे. ते काढून टाकू आणि प्रत्येक कानाला वेगळं बटण देऊ. तिचं ती लावून घेईल.

अप्पांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "सरी, तसंच करू. हे मला सुचायला हवं होतं."

त्यांना सुचलं नाही. तुला सुचलं असतं की नाही, मला माहीत नाही. मला सुचलं, हे लिहून ठेवतेय.

शनिवारी मेट्रोनं चिकपेटला उतरून एस. पी. रोडला गेले. त्या गर्दीत एका बोळकांडीएवढ्या दुकानात बटणाखालचा तो भाग मागितला. माणसानं कुठलं हवं ते विचारलं, डबल बेका, सिंगल बेका? मी म्हटलं, सिंगल. दोन द्या. जन्मभर तेच मागत आल्यासारखं मी ते ऐटीत म्हटलं. डब्याला दुसरं भोक आमच्या सुताराच्या ड्रिलनं पाडून घेतलं. कडा कानशीनं घासल्या. डब्याच्या समोरच्या बाजूवर अक्षरं कोरून घेतली: एका बटणाखाली 'डावा', दुसऱ्याखाली 'उजवा'. अप्पांना वर तुझं नाव हवं होतं. मी म्हटलं, जागा नाही. जागा होती.

आणि मग सगळं जोडून चालू केलं, तर नुसती घूं. गाण्यामागे सतत एक भुंगा. अप्पांनी सांगितलेलं सगळं तपासलं, तरी जाईना. ते तीन दिवस झोपले नाहीत धड. शेवटी मी जिना चढून सिद्धीचं दार वाजवलं.

मागे तुला लिहिलं होतं ना, तिच्या ऑफिसचं काम वाढलं असावं. वाढलं नव्हतं. मीच तिला जिन्यात गाठून सांगितलं होतं की अप्पांना दम लागतो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, खाली येऊ नकोस. दार उघडल्याबरोबर तिनं विचारलं, "काकू, अप्पांची तब्येत बरी आहे ना?" ती पोर महिनाभर वरच्या खोलीत चप्पल न घालता चालत होती, खाली आवाज जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, बरी आहे, मीच तुला खोटं सांगितलं होतं. ती गोंधळली. का, म्हणून विचारलं नाही तिनं. काकूऐवजी अक्का म्हण, एवढं मी सांगितलं आणि तिला खाली घेऊन आले.

तिनं हेडफोन कानाला लावले, मग एका बटणाला बोट लावलं. घूं थांबली. बोट काढलं, पुन्हा सुरू. हसून म्हणाली, बटणांचं धातूचं अंग मोकळं राहिलंय, त्याला अर्थिंग द्या. बोट लावलं की आपल्या अंगातून ते मिळतं, म्हणून थांबतंय. मी दोन्ही बटणांच्या पाठीला तार लावली. भुंगा गेला. अप्पांनी तिला पुन्हा मगळे म्हटलं, आणि मला जरा टोचलं. टोचायचं थांबेल असं दिसत नाही.

काल दुपारी घरी कुणी नसताना मी एक गोष्ट केली. लॅबमधला कापूस घेऊन डाव्या कानात घट्ट बसवला, वर हेडफोन लावले आणि आईला आवडायचं ते पुरंदरदासांचं पद लावलं. दोन्ही बटणं सारखी. गाणारी बाई उजवीकडे सरकून उभी राहिली, आणि डावीकडे खरोखरच भिंत. मला घाबरायला झालं. मग डावं बटण हळूहळू फिरवत गेले. बाई सरकत सरकत आली आणि एका जागी, बरोबर कपाळाच्या मधोमध येऊन गायला लागली. मी पद संपेपर्यंत बसले. तुला हे रोज असं असतं. मला खरंच माहीत नव्हतं गं.

उद्या कुरियर. अप्पा म्हणताहेत, रंजीला सांगीन की सिद्धीनं जोडलं. म्हणाले, "शालन, तुला कानाचं काही सांगणार नाही असं मी तिला वचन दिलंय." मी सरी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तू ही पत्रं वाचत असशील, तर तुला ठाऊक आहे. वाचत नसशील, तर ते सिद्धीचं काम आहे असंच समज.

शालन


राजाजीनगर, ३१ ऑगस्ट

रंजी,

आज फोनवर मला काही बोलता आलं नाही म्हणून हे लिहितेय.

मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात होते. आज भांडी वाजवली नाहीत. अप्पांनी फोन स्पीकरवर टाकला होता, त्यांना हल्ली धरवत नाही. तू म्हणालीस, डबा मिळाला, चालतोय. अप्पांनी गाणं मधोमध आलं का विचारलं. आलं म्हणालीस. मग ते सांगायला लागले. दोन बटणांची कल्पना कशी सुचली, टाके किती सफाईदार आहेत बघ, उलटं करून बघ, एकही मोठा नाही, एकही सुटलेला नाही. वरच्या सिद्धीचा हात म्हणजे सोनं आहे. असा हात मी कारखान्यातसुद्धा पाहिला नाही.

रंजी, मी ओट्यापाशी ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं एवढं कौतुक चाललं होतं आणि ते दुसरीच्या नावावर. त्या पोरीचा काही दोष नाही, तरी मला तिचा राग आला, अप्पांचा आला आणि तुझा तर नेहमीचाच. मी बाहेर जाऊन ओरडून सांगणार होते. पाय उचललाही होता.

तेवढ्यात तू म्हणालीस, "अप्पा, तो अक्काचा हात आहे. मला जूनपासूनचं सगळं माहीत आहे. तिला फोन द्या."

अप्पांनी मागे वळून मला बघितलं. इतका ओशाळलेला माणूस मी पाहिला नाही. त्यांनी फोन पुढे केला. मी घेतला. तू म्हणालीस, "थांब, सवयीनं परत डाव्या कानाला नेलाय, उजव्याला घेते." आणि मग नुसती खरखर.

मग तू विचारलंस, "अक्का, कापूस घालून बसली होतीस तेव्हा डावं बटण किती फिरवलं होतंस?"

मला खूप सांगायचं होतं. आईच्या दहाव्याला मी तुला पाहुणी म्हणाले, ते. तू अप्पांना लीड्सला घेऊन जाते म्हणालीस तेव्हा मला वाटलं, मी एकटीच उरणार, ते. मला नक्की आठवत नव्हतं की बटण कुठे होतं, हेसुद्धा सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, "जेवलीस का?" तू म्हणालीस, अजून नाही. मी म्हटलं, जेव. आणि फोन अप्पांना देऊन टाकला.

नंतर तुम्ही दोघं तासभर बोललात. मी भांडी घासली. हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं की आज तरी काही टोचणार नाही. टोचलं. मला वाटतं, ते माझ्याबरोबरच जाईल, तू त्याची फार काळजी करू नकोस.

बटण अर्ध्याच्या जरा पुढे होतं. पण ते कापसाचं माप, तुझं वेगळं असेल. रोज एकदा लावून बघत जा. जे बरोबर वाटेल ते मला कळव, मी लिहून ठेवते. कमी-जास्त झालं तर डॉक्टरांना दाखव. मी तुझ्या मागे लागणार, हे तुला माहीतच होतं.

आणि पुढच्या रविवारी फोन केलास की आधी मला माग. अप्पांना वाट बघू दे.

शालन